आमची वाटचाल : काळ्या लोकरीतली चित्रे

आमचे कार्यालय सांगलीत असले, तरी आमचे खरे काम जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या कोरडवाहू तालुक्यांतील घोंगडीच्या मागांवर चालते. भिंतीवर लावण्याची चित्रे आम्ही मेंढीच्या लोकरीत हातमागावर विणून घेतो. आराखडे मी काढते, विणकाम पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारे सनगर कारागीर करतात आणि हिशेब व विक्रीची बाजू माझे पती सांभाळतात.

कलाशिक्षण पूर्ण झाले तेव्हा मी तैलरंगात काम करत असे. त्या काळात सातारा जिल्ह्यातील औंधला वरचेवर जाणे होई. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे, हेन्री मूर यांचे शिल्प आणि चंदनावरील कोरीवकाम एकाच छपराखाली पाहायला मिळते. (सातारा-सांगलीत राहून ज्यांनी ते अद्याप पाहिले नसेल, त्यांनी ते जरूर पाहावे.) कारागिराच्या हातचे काम तिथे चित्रकाराच्या कामाइतक्याच मानाने मांडलेले आहे, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आणि आमच्या व्यवसायाची दिशा तिनेच ठरवली.

विषय शोधायला दूर जावे लागले नाही. धनगरांचे दैवत असलेल्या बिरोबाच्या आरेवाडीतील बनात उधळला जाणारा भंडारा, ढोलाच्या तालावर हातातले रुमाल उडवत रिंगणात फिरणारे गजी या धनगरी नृत्याचे नर्तक, धनगरी ओवीतून उभी राहणारी देवाची कथा, हे सारे ज्या धनगरांचे आहे त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीत ते उतरावे, असे मला वाटत होते. तयार घोंगडीवर चित्र छापून किंवा रंगवून विकणे सोपे आणि स्वस्त पडले असते, आणि तसा सल्लाही अनेकांनी दिला. परंतु तसे केल्यास विणकराचे काम केवळ कापड पुरवण्यापुरते उरते, म्हणून तो मार्ग आम्ही कधीच स्वीकारला नाही. चित्र मागावरच घडले पाहिजे, ही आमची अट आजही कायम आहे.

या अटीमुळे माझी रेषाच बदलली. मागावर चित्र विणताना प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याच्या हद्दीपुरता नेऊन परत फिरवावा लागतो, आणि दोन रंगांची हद्द सरळ उभी गेली तर तिथे कापडात फट पडते. त्यामुळे हद्द पायऱ्यापायऱ्यांनी सरकवावी लागते किंवा शेजारचे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. गोलाईचा आभासही अशा पायऱ्यांतूनच निर्माण करावा लागतो. म्हणून आमचे गजीचे नर्तक कोनांचे आहेत. त्यांची वाकलेली कंबर आणि उचललेला हात चौकटीच्या कागदावर घर मोजून ठरतो, आणि कुठले घर मागावर टिकेल याचा अंतिम निर्णय विणकराचा असतो. माग अरुंद असल्याने मोठे चित्र दोन पट्ट्यांत विणून मध्ये शिवले जाते. ती शिवण आम्ही लपवत नाही. रिंगणाची मांडणीच तिच्या दोन्ही बाजूंना केलेली असते.

रंगही असेच मर्यादित आहेत. काळा, करडा, तपकिरी आणि पांढरा हे मेंढीच्या अंगावरचेच रंग आम्ही वापरतो. भंडाऱ्याच्या पिवळ्यासाठी हळद मनात येणे स्वाभाविक आहे, पण हळदीचा रंग उजेडात उडून जातो. त्यामुळे पांढऱ्या लोकरीला तुरटीत भिजवून झेंडूच्या फुलांचा रंग दिला जातो.

विणण्यापूर्वी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवावी लागते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेल्या या खळीमुळे भरड सुताला बळकटी येते. मात्र ती सुकायला खणखणीत ऊन लागते, त्यामुळे पावसाळ्यात काम जवळजवळ थांबते. त्या महिन्यांत विणकराच्या घरात पैसा येत राहावा म्हणून पुढील कामाची उचल आम्ही आधीच देतो. त्याच काळात सांगलीतल्या काही भगिनी आमच्यासाठी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवतात.

आमच्यापुढची सर्वात गंभीर अडचण लोकरीची आहे. दख्खनी मेंढीची काळी लोकर भरड असल्याने तिला बाजारात भाव नाही, कातरणीची मजुरीही अनेकदा सुटत नाही आणि स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचे गिऱ्हाईक नेले. दुसरीकडे मांसासाठी चांगला दर मिळत असल्याने मेंढपाळ मोठ्या अंगाच्या, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके असलेल्या माडग्याळ मेंढीकडे वळत आहेत, आणि तिच्या अंगावर लोकर फारच कमी असते. मेंढपाळाचा यात काहीही दोष नाही. त्यालाही घर चालवायचे आहे. चांगल्या काळ्या लोकरीला, विशेषतः कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ जावळाला, परवडेल असा दर देणे हाच आमच्या हातातला उपाय आहे.

त्यामुळे आमची चित्रे स्वस्त नाहीत. किमतीतला सर्वात मोठा वाटा लोकर, कताई आणि विणकाम यांच्याकडे जातो, आणि प्रत्येक चित्रामागे माझ्या नावाच्या वर विणकराचे नाव व गाव शिवलेले असते. ग्राहक घासाघीस करू लागले की आम्ही त्यांना शक्यतो मागापर्यंतच घेऊन जातो. यंदापासून काही मेंढपाळ कुटुंबांशी कातरणीपूर्वीच लोकरीचा दर ठरवून निम्मी रक्कम आगाऊ देण्याची पद्धत आम्ही सुरू केली असून, त्या लोकरीतून बिरोबाच्या ओवीवर आधारलेली नवी चित्रमालिका दिवाळीनंतर मागावर चढेल.