सहा रविवार, एक तबकडी : ‘क्लोज टू द एज’ ऐकण्याची नोंदवही

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्या मंडळींना ‘येस’ या इंग्लिश बँडच्या १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’ची ओळख करून देण्याची गरज नाही, आणि तो या प्रकारातला सर्वश्रेष्ठ अल्बम आहे की नाही, हा जुना वाद मी इथे उकरून काढणारही नाही. गेले सहा रविवार तो मी एका ठरावीक पद्धतीने ऐकला, त्याची ही नोंद आहे. पद्धत अशी की दर बैठकीत बँडमधल्या पाच जणांपैकी एकाच्याच मागे जायचे; बाकीचे चौघे कितीही ओढू लागले तरी कान तिकडे वळू द्यायचा नाही.

ही कल्पना सुचण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. आमच्या इमारतीत तबला शिकवणारे एक काका राहतात. तबकडी वाजत असताना ते एकदा दारात उभे राहिले आणि पाच मिनिटे ऐकून त्यांनी विचारले, “तुम्हाला यात नेमकं काय आवडतं हो?” वीस वर्षे ज्या अल्बमचे गोडवे गात आलो, त्याबद्दल मला ‘फार भव्य आहे’ यापलीकडे एकही वाक्य बोलता आले नाही. आपण रसिक मंडळी या अल्बमबद्दल बोलतो तेव्हा नदी, प्रवास, साक्षात्कार असे शब्द फार चटकन वापरतो, आणि त्या शब्दांखाली ऐकण्यातला आळस सहज झाकला जातो, हे त्या दिवशी लक्षात आले.

पहिला रविवार तयारीतच गेला. माझ्याकडची प्रत जुन्या बाजारातली आहे. मुखपृष्ठावर रॉजर डीन यांनी काढलेली येसची गोलसर वळणांची अक्षरे आणि त्यांच्यामागे काळपट हिरव्यापासून उजळ हिरव्यापर्यंत उतरत गेलेला रंग, एवढेच आहे. चित्र पाहायचे तर वेष्टन उघडावे लागते, मग आत काठांवरून पाणी कोसळणारे ते अशक्य सरोवर दिसते. विकणाऱ्याने ‘एकही ओरखडा नाही’ असे छातीठोकपणे सांगितले होते. दुसरी बाजू लावताच ओरखडा बोलू लागला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीस १.८ सेकंद लागतात, त्यामुळे आडव्या ओरखड्याचा ‘टक्’ही अगदी तेवढ्याच अंतराने येतो, आणि ‘अँड यू अँड आय’ या गाण्याच्या सुरुवातीला गिटार नुसती चाचपली जात असताना तो कुणीतरी बाहेरून लय धरल्यासारखा ऐकू येतो.

पहिल्या बाजूची अडचण निराळीच आहे. पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपासची ही शीर्षकरचना पक्ष्यांच्या आणि वाहत्या पाण्याच्या आवाजातून इतकी हळू वर येते की पहिले काही क्षण पाणी कुठले आणि धुळीची चरचर कुठली, हे कळत नाही. मी तबकडी दोनदा धुतली, मऊ ब्रशने सुई पुसली आणि तिसऱ्यांदा लावली, तेव्हा कुठे पाणी वेगळे झाले. जवळजवळ मिनिटभराने बँड एकदम अंगावर येतो. इतकी वर्षे मी त्या मिनिटाला प्रस्तावना समजून चहा ओतून घेत असे.

दुसऱ्या रविवारी क्रिस स्क्वायरचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, धरला. हा रविवार सर्वांत फलदायी ठरला, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. स्क्वायर रिकनबॅकर बनावटीचा बास बोटांऐवजी प्लेक्ट्रमने (छोट्या पट्टीने) छेडत असे, त्यामुळे त्याच्या सुरांना धार असते आणि बास शोधण्यासाठी कान जमिनीला लावावा लागत नाही. सुरुवातीच्या त्या गोंधळात, जिथे गिटार भरकटल्यासारखी धावते आणि मध्येच सगळे थांबून फक्त कंठस्वरांचा एक ‘आ’ उमटतो, तिथे मी आजवर गिटारच ऐकत आलो होतो. बासच्या मागे गेल्यावर कळले की तिथे भरकटलेले काहीच नाही. खालून एक स्वरांची शिडी शिस्तीने चढते आहे, आणि गिटारला वाट्टेल तसे उधळायची मुभा त्या शिडीमुळेच मिळते आहे. तो ‘आ’ अचानक येत नाही, हेही तेव्हाच उमगले. बास ऐकत असाल तर आपण आता कड्याशी आलो आहोत, हे अर्धा क्षण आधी पोटात कळते.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट हाती लागली. ‘टोटल मास रिटेन’ या शीर्षकरचनेच्या दुसऱ्या भागात कडव्याचे शब्द मागच्याच वळणाने जातात, परंतु बास आणि ड्रम्स यांनी खालची जमीन बदललेली असते. वर तेच घर, खाली नवा पाया. मी हा भाग नेहमी ‘पहिल्याचीच पुनरावृत्ती’ म्हणून मोजत असे. तसे म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी गाण्याकडे साफ दुर्लक्ष करून तो ऐकावा.

तिसऱ्या रविवारी ड्रम्सची पाळी होती आणि काकांना मुद्दाम बोलावले होते. बिल ब्रुफर्डचा स्नेअर (संचातला कडक आवाजाचा ड्रम) सुक्या लाकडावर टिचकी मारावी तसा टणटणीत वाजतो, म्हणून त्याच्या मागे जाणे सोपे असते. काकांनी पहिली बाजू शांतपणे ऐकली, फारसे काही बोलले नाहीत. दुसऱ्या बाजूला ओरखड्याचा टक् सुरू होताच मात्र ते सवयीने त्यावरच मात्रा मोजू लागले, आणि मला तो तालाचा भाग नसून तबकडीचा रोग आहे, हे सांगावे लागले. खरी गंमत ‘सायबेरियन खात्रू’ या शेवटच्या गाण्यात आली. (या शीर्षकाने मराठी कानाला एखाद्या खत्रूड माणसाची आठवण होते, ती काही केल्या जात नाही.) सुरुवातीच्या गिटारनंतर जी धून पुन्हापुन्हा येते, तिच्यावर काकांनी मांडीवर हाताने टाळी धरली. चार, चार, चार, आणि चौथ्या चाराला त्यांचा हात हवेतच राहिला. “एक मात्रा खाल्ली यांनी!” ते म्हणाले. पुन्हा लावले, पुन्हा तेच. “पंधरा आहेत हो. सम लवकर येतेय.”

पंधरा मात्रांची पंचम सवारी त्यांच्या हातात आहे, पण तिचे विभाग तीन, चार, चार, चार असे पडतात. इथे तो तिनाचा तुकडा शेवटी जातो. त्यामुळे त्रितालाची सवय असलेला कान बारा मात्रांपर्यंत निश्चिंत असतो, आणि सोळावी मात्रा यायची त्या जागी सम येऊन उभी राहते. काकांच्या मते हा ताल वगैरे नव्हे, धुनेची लांबीच तेवढी आहे, आणि ते बरोबरच आहे. ठेका, खाली, भरी यांतले इथे काही नाही. पण या गाण्याला जी एक पुढे ढकलणारी घाई आहे, ज्यामुळे आपण बसल्याजागी किंचित पुढे झुकतो, ती कुठून येते याचे उत्तर मला त्या हवेत राहिलेल्या हातात मिळाले. हा अल्बम ध्वनिमुद्रित झाल्यावर ब्रुफर्ड येस सोडून ‘किंग क्रिम्सन’ या दुसऱ्या बँडमध्ये गेला. या अल्बमचे यश मोठे होते, ब्रिटनच्या यादीत चौथा आणि अमेरिकेत तिसरा क्रमांक, आणि ते यश येण्याआधीच तो निघून गेला, याचे रसिकांना अजून नवल वाटते. तिसऱ्या रविवारनंतर मला तितकेसे वाटत नाही. त्याच्या वादनात सबंध वेळ एक अस्वस्थपणा आहे. एकच गोष्ट दोनदा तशीच वाजवायला तो मनापासून नाखूश आहे.

चौथा रविवार कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमनचा, आणि तो बिघडता बिघडता वाचला. ‘आय गेट अप, आय गेट डाउन’ या तिसऱ्या भागात सगळे शांत होते, दोन वेगवेगळ्या गीतपंक्ती एकमेकींवरून तरंगत जातात, आणि बाराव्या मिनिटानंतर चर्चचा पाइप ऑर्गन उघडतो. हा ऑर्गन लंडनमधल्या सेंट जाइल्स-विदाउट-क्रिपलगेट या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे; बाकीचे काम त्याच शहरातल्या ॲडव्हिजन स्टुडिओत एडी ऑफर्ड या ध्वनितंत्रज्ञाबरोबर झाले. माझ्या यंत्रावर मात्र ऑर्गन उघडायच्या जागी फाटत होता. इतकी वर्षे मी तो दोष तबकडी झिजल्याचा मानत होतो. शेवटी भाचीने आणून दिलेल्या छोट्या डिजिटल काट्यावर सुईचा भार मोजला, तर तो कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर सांगितल्यापेक्षा अर्धा ग्रॅम कमी निघाला. सुई हलकी पडली की मोठ्या आवाजाच्या खाचेत ती भिंतींना धरून राहत नाही, आणि तबकडीच्या मध्याकडे जावे तसा हा त्रास वाढतो, कारण तिथे एका फेरीत खाचेची लांबी कमी मिळते. टोनआर्मचे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचे, मागचे वजन पुढे घेतले, पुन्हा लावले, आणि ऑर्गनच्या खालच्या सुरांबरोबर कपाटाच्या काचा थरथरल्या. हलकी सुई ठेवली की तबकडी जपली जाते, असे समजणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. मी नकळत तिचे नुकसानच करत होतो.

या बैठकीत मी ज्याच्या शोधात होतो, ती गोष्ट म्हणजे सांधा. ही रचना सलग बसून वाजवलेली नाही. बँडने ती तुकड्यातुकड्यांनी बसवली, तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे टेप ब्लेडने कापून व चिकटवून ती सलग केली. दगडी चर्चमधली घुमणारी हवा आणि स्टुडिओतली बंदिस्त हवा या दोन खोल्या कानाला वेगळ्या कळायला हव्यात. ऑर्गनच्या कळसावरून सिंथेसायझर गाडी वळवतो आणि बँड पुन्हा धावू लागतो, त्या जागी मी चार वेळा सुई मागे ठेवली. खोली बदलते, हे नक्की कळते. ती कोणत्या क्षणी बदलते, हे चौथ्या वेळीही पकडता आले नाही. मला विचाराल तर या अल्बमची थोरवी तत्त्वज्ञानात कमी आणि या सुतारकामात अधिक आहे.

तत्त्वज्ञानाचा विषय निघालाच आहे, तर गायक जॉन अँडरसनबद्दल थोडे. शीर्षकगीताच्या शब्दांमागे हर्मन हेसेची १९२२ सालची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी आहे. नदीकाठी बसून नदीचे ऐकायला शिकणारा तिचा नायक आपल्याला परका नाही, आणि म्हणूनच आपल्याकडचे रसिक या गीतात जरा जास्तच अर्थ भरतात, असे माझे मत झाले आहे. अँडरसन शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडतो. पाचव्या रविवारी मी फक्त त्याच्यामागे गेलो, तेव्हा अर्थ लावण्याचा नाद सोडल्यावर त्याच्या व्यंजनांचे ठोके ब्रुफर्डच्या काठ्यांबरोबर कसे पडतात, ते ऐकू येऊ लागले. याहून अधिक त्या बैठकीत काही निघाले नाही.

गिटारवादक स्टीव्ह हाउ याच रविवारच्या संध्याकाळी उरकला, हा त्याच्यावर अन्यायच आहे. ‘अँड यू अँड आय’च्या आरंभी तो बारा तारांच्या गिटारवर हार्मोनिक्स (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सूर) तपासतो आणि स्टुडिओतला एक ‘ओके’ तसाच ठेवून दिला आहे; माझ्या प्रतीत तो ‘ओके’ दोन टकांच्या बरोबर मधे येतो. ‘सायबेरियन खात्रू’त त्याची विजेवर चालणारी सतारही आहे. ती ऐकून काका एवढेच म्हणाले, “सतार नाही, पण सतारीची नक्कल प्रामाणिक आहे.”

सहाव्या रविवारी कोणाच्याही मागे न जाता अल्बम सलग ऐकायचा, असे ठरले होते. भाचीने तत्पूर्वी हेडफोनवर स्टीव्हन विल्सनचे २०१३ सालचे नवे मिश्रण (मूळ ध्वनिमुद्रणाचा रिमिक्स) ऐकले होते आणि तिचे म्हणणे पडले की त्यात पाचही जण इतके सुटे ऐकू येतात की माझ्या सहा आठवड्यांच्या खटाटोपाची गरजच उरत नाही. ते मिश्रण मीही ऐकले. बास खरोखरच हात लावावा इतका जवळ येतो. परंतु सुटे करून दिलेले ऐकणे आणि गर्दीतून एकाला ओळखून काढणे यांत फरक आहे, यावर आमचे एकमत झाले नाही. मग मी तिला १९७३ च्या ‘येससाँग्ज’ या तीन तबकड्यांच्या संचातले याच रचनांचे मैफलीतले रूप ऐकवले. तिथे ड्रम्सवर ॲलन व्हाइट आहे, ज्याला दौऱ्यापूर्वी हे सगळे आत्मसात करायला अगदी थोडे दिवस मिळाले होते. तो अधिक जड हाताने, अधिक सरळ वाजवतो. भाचीला तेच आवडले. काकांनी ब्रुफर्डची बाजू घेतली. चहा दोनदा झाला.

सलग ऐकण्याचे व्हायचे तेच झाले : मला आता सलग ऐकताच येत नाही. कान पाच जणांमध्ये टोलवला जातो आणि बासपाशी येऊन बसतो. पंधरा मात्रा मोजताना मी अजून तेराव्या-चौदाव्याला चुकतो. काका चुकत नाहीत. ‘टोटल मास रिटेन’मध्ये सहा मिनिटे उलटून गेल्यावर एक जागा अशी आहे, जिथे बास आणि स्नेअर माझ्या प्रत्येक मोजणीत वेगवेगळी बेरीज देतात. तिथे वहीत पेन्सिलीने तीन आकडे लिहून ठेवले आहेत, त्यांपैकी दोन खोडलेले आहेत. पुढच्या रविवारी काका डग्गा घेऊन येणार आहेत.