न म्हटलेलं पद

पहाटेचे साडेचार झाले असतील. देवळासमोरच्या मांडवात बायका चादरी पांघरून बसलेल्या, पोरं मांडीवर झोपलेली. माझ्यासमोर राजा हात जोडून उभा. पेटीवाल्याने काळी चारचा सूर धरून ठेवला होता, कारण आता राणी क्षमेचं पद म्हणणार हे त्याला, पखवाजवाल्याला, पडद्याआडच्या मालकाला आणि समोरच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

मागच्या हंगामातली ही गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ते कळलं तर एका घराचंही नाव कळेल.

मी दशावतारी कलाकार. सिंधुदुर्गातल्या एका कंपनीत 22 वर्षं स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं, करतो. समर्थांनी दासबोधात आमच्याबद्दल लिहून ठेवलंय, की दशावतारी खेळात सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण ते अवघे धटिंगण. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही राणीच्या शालूत पुरुषच होता. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतात तिथपासून मृग येईपर्यंत आमचा हंगाम. पावसात मी दुसऱ्याच्या शेतात लावणीला जातो. 2020च्या मार्चमध्ये जत्रा बंद झाल्या आणि टोपाची पेटी माळ्यावर गेली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की रात्री झोपणं मला जमत नाही.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगूनही पटत नाही. आमच्या नाटकाला संहिता नसते. लिहिलेलं एक अक्षर नाही. संध्याकाळी गावात पोचल्यावर मालक गावकऱ्यांना विचारतो, गेल्या वर्षी कुठली कथा झाली, त्याआधी कुठली. त्या सोडून तो एक कथा लावतो. चहाचे पेले हातात असतानाच पार्ट वाटले जातात. तू राजा, तू थोरली राणी, तू धाकटी, तू राक्षस. मग वीस मिनिटांत सगळे प्रवेश सांगून होतात. पहिल्या प्रवेशात हे होतं, दुसऱ्यात ते, तू अमुक शब्द टाकलास की हा आत येणार. एवढंच. पुढचे चार तास जी भाषा लोक ऐकतात ती त्या क्षणी जन्माला येते. राजाची भाषा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. मालवणी बोलायचं ते संकासुर राक्षसाने आणि हसवणाऱ्या पार्टींनी. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, त्याला आपला जोडायचा, आणि पद घालायचं असेल तर शेवटचा शब्द असा लांबवायचा की पेटीवाल्याने पट्टी ओळखली पाहिजे. आमचा पेटीवाला माझा श्वास ऐकून पट्टी धरतो, हे मी अभिमानाने सांगतो. लोक म्हणतात, लिहिलेलं नाही म्हणजे काय, कोणीही करील. त्यांनी एकदा बाकड्यावर बसून दाखवावं. तेच बाकडं सिंहासन, तेच डोंगर, तेच अरण्यातली शिळा. ते कधी काय आहे हे फक्त आपल्या बसण्यावरून कळतं.

त्या दिवशी आमच्या जेवणाची आणि आराम करण्याची सोय देवळाजवळच्या एका घरात होती. दुपारी मी पडवीत चटईवर आडवा झालो. रात्री उभं राहायचं तर दुपारी दोन तास तरी डोळा लागावा लागतो. पण आतल्या खोलीत माणसं बोलत होती. त्या घरची मुलगी सात-आठ महिन्यांचं मूल घेऊन माहेरी आली होती, आणि जत्रेचं निमित्त करून तिच्या सासरचे तिला न्यायला आले होते. काय घडलं होतं ते मला सगळं कळलं नाही. तिचा आवाज फक्त एकदा आला. तिने विचारलं, "आणि परत मारलान तर?" त्यावर कोणीतरी वयस्क माणूस अगदी मायेने म्हणाला, "झाला ता झाला गो बाये. चुकता माणूस. पदरात घे आणि चल."

मग कोणीच बोललं नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून गेली. कपाळावर, केसांच्या कडेला, भरत आलेली जखम होती. मी डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग केलं.

संध्याकाळी मालकाने कथा लावली. त्यानेच बांधलेली काल्पनिक कथा, आम्ही त्या हंगामात सात-आठ वेळा केलेली. धाकट्या राणीच्या कपटाने राजा थोरलीवर संशय घेतो, गरोदर असताना तिला अरण्यात हाकलतो. ऋषीच्या आश्रमात तिला मुलगा होतो. पुढे मुलाची आणि बापाची न ओळखता लढाई, मग ओळख पटते, राजाला पश्चात्ताप होतो, राणी क्षमेचं पद म्हणते, मंगल होतं आणि दहीकाला. थोरली अर्थातच माझ्याकडे.

रंगपटात मी नेहमी लवकर बसतो. दशावतारात रंगवणारा वेगळा नसतो, ज्याने त्याने आपला चेहरा आपणच करायचा. माझ्या गुरूंच्या काळात सफेदा, हिंगूळ आणि काजळ. आता पॅनकेक आला, पण भुवई अजून मी काडीने ओढतो. अरण्यातल्या राणीसाठी मी दुसऱ्यांदा चेहरा करतो. ओठांचा रंग पुसून काढायचा, डोळ्यांखाली किंचित काळं, आणि टोपाचा अंबाडा सोडून एक बट पुढे घ्यायची. हल्ली काही जण महालातलीच राणी तशीच अरण्यात नेतात, दागिन्यांसकट. मला ते बघवत नाही. त्या रात्री अरण्याचा चेहरा करताना मी नकळत केसांच्या कडेला बोटाने थोडा हिंगूळ ओढला. आरशात बघितलं आणि पुसला नाही.

पालखी साडेअकराला देवळात गेली. मग सत्कार. शाल, श्रीफळ, भाषणं, पुन्हा शाल. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं वाचण्यात पाऊण तास गेला. हे आता प्रत्येक जत्रेत होतं आणि त्याची किंमत शेवटचा प्रवेश मोजतो. सूर्योदयाआधी दहीकाला झालाच पाहिजे, म्हणून मग मालक पडद्याआडून "उरका, उरका" करत राहतो. ज्या प्रवेशासाठी बायका रात्रभर जागतात तोच आम्ही दहा मिनिटांत गुंडाळतो.

पूर्वरंग झाला, गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुराचा धुडगूस. आख्यान चांगलं रंगलं. अरण्यातल्या माझ्या प्रवेशात पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तिथेच, खांबाला टेकून, ती बसली होती. मांडीवर मूल. दोन हातांवर खुर्च्यांमध्ये तिच्या घरची आणि सासरची माणसं.

त्या रात्रीचा राजपार्टी दुसऱ्या कंपनीतून बदलीवर आलेला, वयाने आणि कामाने माझ्याहून मोठा. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत जावा. पश्चात्तापाचं भाषण त्याने सुंदर केलं. मुकुट काढून माझ्या पायाशी ठेवला. आणि शेवटी म्हणाला, "देवी, घडले ते घडले. मनुष्य स्खलनशील आहे. या अपराध्याला पदरात घे आणि राजधानीस चल."

त्याचा काही दोष नाही. हे वाक्य दशावतारात हजार वेळा आलं असेल. पण दुपारच्या खोलीतलंच वाक्य जड शब्दांचे कपडे घालून समोर उभं राहिलं. सूर तयार होता. मी खांबाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलाच्या कपाळावरचे केस मागे करत होती.

आमच्यात रिकामा क्षण म्हणजे मरण. पाठ केलेलं काही नसल्यामुळे आतून आठवण करून द्यायलाही कोणी नसतो. पेटीवाल्याने सूर पुन्हा दिला. पखवाजवाल्याने एक थाप मारली आणि थांबला. मग मी बोललो. पद नाही, गद्य. शब्द जसेच्या तसे आता आठवत नाहीत, पण एवढं बोललो, की महाराज, आपण विसरलात कारण ती रात्र आपण महालात काढलीत. मी विसरू शकत नाही. माझा पुत्र आपला आहे, त्याचं राज्य त्याला द्या. पण माझी पावलं आता त्या महालाकडे वळायची नाहीत.

मांडवात चिटपाखरू हललं नाही. राजपार्टी गडबडला. त्याने आणखी दोनदा विनवणी केली, वेगवेगळ्या शब्दांत, मला परतीची वाट करून देत. शहाणा कलाकार. मी दोन्ही वेळा मान हलवली. मग त्याच्याकडेही शब्द उरले नाहीत. मी कथेची वाट बंद करून टाकली होती आणि मलाही पुढे काय ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात पडद्याआडून चिपळ्या वाजल्या.

दशावतारात कथा अडली की नारद सोडतात. नारदाला कुठेही येता येतं, कारण विचारावं लागत नाही. पण आमचा नारद म्हणजे वीस वर्षांचा पोर, त्याचं काम दोन तासांपूर्वी संपलेलं, अर्धा चेहरा पुसून तो रंगपटात पेंगत होता. मालकाने त्याला उठवलं एवढंच. काय बोलायचं ते सांगायला वेळ नव्हता. एका गालावर रंग, दुसऱ्यावर खोबरेल तेल, अशा अवस्थेत तो "नारायण, नारायण" करत आला. आधी माझ्याकडे बघितलं, मग राजाकडे. आणि म्हणाला, "महाराज, आपण क्षमा मागत आहात की विसर मागत आहात? क्षमा मागणारा काही मागत नसतो, तो काही सोडून देत असतो." मग त्याने राजपुत्राचा हात धरला, पायाशी पडलेला मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला, मला राजमाता म्हणून बाकड्यावर बसवलं आणि राजाला तपश्चर्येची वाट दाखवली. राजपार्टीने पुत्राला आशीर्वाद दिला आणि निघून जाताना जे पद घातलं तसं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मंगल झालं. सूर्य उगवायच्या आत हंडी फुटली.

चार प्रवेशांच्या पोराने हे केलं. दोन तासांचा प्रयोग करून द्या म्हणणारे आयोजक आणि धूर, लाइट, ट्रिकसीन यांवर पैसा ओतणारे मालक यांना मला हे दाखवायचं होतं. आमच्याकडे काय आहे ते हे आहे.

रंगपटात मालक माझ्यावर ओरडला. "हो देवाचो खेळ आसा, तुझ्या घरचो नाय." आणि त्याचं खोटं नव्हतं. जत्रेचं नाटक देवासमोर होतं, लोकांचे नवस असतात, तिथे मोडलेलं घर दाखवून लोकांना घरी पाठवायचं नसतं. माझ्या गुरूंनीही मला हेच शिकवलं. राजपार्टी टोप काढताना एवढंच म्हणाला, "आदी एक शब्द तरी सांगलं असतंस." तेही खरं. समोरच्याला न सांगता मी त्याच्या पायाखालची जमीन काढली. आमच्या धंद्यात याहून मोठा अपराध नाही.

एक म्हातारी पडदा सारून आत आली. मी अजून शालूतच होतो. तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बरा केलंस गो," म्हणाली. तिच्या मागोमाग आलेली दुसरी दारातच थांबून म्हणाली, "देवळात बसान असलो शेवट आमी कधी बघूक नाय." दोघी एकाच वाडीतल्या, एकत्रच घरी गेल्या.

सकाळी चहाला त्याच घरात. मुलीच्या आईने चहा दिला, माझ्याशी बोलली नाही. मुलगी दिसली नाही. अंगणात रात्री उभी असलेली सासरच्यांची गाडी नव्हती. गाडी तिला घेऊन गेली की नुसतीच गेली, हे मी विचारू शकलो नाही. आतून मुलाचा आवाज येतो का म्हणून मी पेला हातात धरून बराच वेळ बसलो. टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा उठलो.

मुलीचा काका जत्रेच्या कमिटीत होता. त्याने मालकाला निरोप दिला, पुढच्या वर्षीचं मग बघू. यंदा त्या जत्रेची सुपारी दुसऱ्या कंपनीला गेली, त्यामुळे त्या गावात जाणं झालं नाही. तिथले दोघेतिघे भेटतात, मुंबईला जाणाऱ्या गाडीत, बाजारात. नाटकाबद्दल बोलतात. मुलीबद्दल मी विचारत नाही, माझ्या तोंडून तिचं नाव निघालं तर तिच्यावर काय येईल, या भीतीने. तिला ते शब्द बळ देऊन गेले की चारचौघांत तिचीच गोष्ट मांडल्यासारखं होऊन तिची वाट आणखी अवघड झाली? मी तिच्यासाठी बोललो होतो का? की दुपारी डोळे मिटून पडलो होतो, त्याची भरपाई करत होतो?

ती कथा आम्ही यंदाही करतो. मालकाने सांगून ठेवलंय, क्षमेचं पद चुकवायचं नाही. मी चुकवत नाही, पूर्ण म्हणतो, लोक बक्षीसही देतात. फक्त तो प्रवेश सुरू झाला की नारदाचा पोर पुसलेला चेहरा पुन्हा रंगवतो आणि चिपळ्या घेऊन पडद्याआड येऊन उभा राहतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.