चैत्री पौर्णिमेनंतरचा शुक्रवार

कराड सुटलं आणि एसटीत गुलालाचा वास भरला. मागच्या बाकांवर जोतिबाच्या चैत्र यात्रेला निघालेली माणसं होती. किणीचा टोलनाका गेला तसं त्यांचं ‘चांगभलं’ चढत गेलं. मी नगरहून निघाले होते ती कोल्हापुरात उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेला. बहुतेक वर्षी हे दोन दिवस असेच खेटून येतात. येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणात. वल्हांडण वसंतातल्या पौर्णिमेचा, आणि त्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, सासनकाठ्या नाचतात त्याही याच चंद्राच्या हिशेबाने. शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘म्हंजे दोघांची पुनव एकच की!’ आणि चिमूटभर गुलाल माझ्या हातावर ठेवला.

नगर ते कोल्हापूर हा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासातला जुना रस्ता. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ साली आधी नगरला आले, मग १८५२ साली कोल्हापुरात. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. वायल्डर मेमोरियल चर्च हे त्यांच्याच नावाचं.

बारा वाजता उपासना सुरू झाली. बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा माणूस बोलणार. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, पंख्यांचा वारा मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता, तरी उठून कोणी गेलं नाही. मधूनमधून रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं होत होती, पेटी-तबल्यावर. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली आणि पुढची बरीच वर्षं ते नगरला राहिले, त्यामुळे ती गीतं मला पाळण्यापासून पाठ. अभंगाच्या चालीवर दीडशे-दोनशे गळे एकदम लागले की मला अजून भरून येतं.

चौथ्या उद्गारावर बोलायला एक नर्स उभी राहिली. माझ्या देवा, तू मला का सोडलंस, हा तो उद्गार. तिने सांगितलं की ती बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. मरणाच्या वेळी येशूच्या तोंडी आली ती आपल्याच लोकांची जुनी तक्रार. मग ती कोरोनाच्या वॉर्डातल्या रात्रींबद्दल बोलली. एक बाप तिला विचारत राहिला, माझ्याच पोराला का? तिच्याकडे उत्तर नव्हतं. ‘देवाच्या पुत्राला जे विचारावंसं वाटलं, ते या बापाने विचारलं तर मी त्याला गप्प कसं करू?’ एवढं बोलून ती खाली बसली.

दुःख ही देवाने घेतलेली परीक्षा आहे, असली प्रवचनं मी लहानपणापासून ऐकली, आणि ती मला कधीच पटली नाहीत. पोर गमावलेल्या माणसाला परीक्षेचं सांगणं क्रूर आहे. ख्रिस्ती आशेवर माझा भरवसा आहे तो तिच्या मधोमध हा आक्रोश शाबूत ठेवलाय म्हणून. बाविसावं स्तोत्र शेवटी स्तुतीपर्यंत पोचतं खरं, पण वरच्या ओळी कोणी खोडलेल्या नाहीत.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी गाझा, युक्रेन, मणिपूर यांची नावं घेतली, आणि त्याच दमात जोतिबाच्या वाटेवर उन्हात चालणाऱ्या यात्रेकरूंसाठीही मागितलं. मला ते फार मोठं वाटलं.

शेजारच्या आजींच्या मांडीवर फुगलेलं बायबल होतं. ‘एकोणीसच्या पुरात भिजलं. वाळवलं, पण पानं चिकटली ती चिकटलीच. तरी हेच आणतो मी,’ त्या म्हणाल्या. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट. दोन वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा पूर. दोन्ही वेळा त्यांचं घर पाण्यात. ‘देवाला भांडलो की मी. मग चिखल काढला.’

शनिवारी टाऊन हॉल म्युझियम पाहिलं. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तिथे आहे, दोनेक हजार वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटेने रोमन साम्राज्यातून आलेली. ज्या साम्राज्याच्या सुभेदाराने येशूला क्रुसावर दिलं, त्याचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी! मी त्या काचेपुढे बराच वेळ थांबले.

ईस्टरच्या पहाटे लोक कब्रस्तानात जमले. कबरी झाडून घेतलेल्या, फुलं, मेणबत्त्या. ‘प्रभू उठला आहे’ म्हणून एकमेकांना सलाम झाले. आजी भेटल्या. ‘नगरच्या मंडळीला आमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा,’ म्हणाल्या. काय मागू विचारलं, तर म्हणाल्या, ‘जुलैत पाणी त्रेचाळीसच्या खाली राहू दे. आणि शेजारणीचं ऑपरेशन आहे मिरजेला. माळ्याची हाय ती, जोतिबाची भक्त, पण तिचंबी नाव घ्या.’ पुढच्या रविवारी आमच्या उपासनेत मी दोन्ही विनंत्या वाचल्या.