दाराची गोगलगाय

उन्हाळ्यात पंचगंगा घाटाच्या खालच्या पायरीवर बसलं की पाण्यात हात घालून दगड चाचपायची मला खोड आहे. शेवाळात बोराएवढं काहीतरी टणक हाताला लागतं. उचलावं तर आतलं जनावर झटक्यात आत आणि दार बंद! दार म्हणजे या गोगलगायीच्या पायालाच मागे चिकटलेली पातळ तपकिरी चकती. शंखाच्या तोंडावर ती अशी घट्ट बसते की नखही शिरत नाही. पुस्तकातलं नाव बेलामिया बेंगालेन्सिस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनं 1822 साली तिची नोंद केली. घाटावरची पोरं नुसतं शंख म्हणतात आणि खिशात घालतात.

या कोल्हापुरात सावकाश जाणाऱ्याची धडगत नसते. मागचा दुचाकीवाला हॉर्न मारून 'काय भावा, झोपलाईस काय?' विचारणारच. नदी मात्र आपणच संथ केली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी घेऊन ती येते खरी, पण पाऊस सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पडतात आणि ती जागच्या जागी थबकते. उसाला पाणी मिळतं आणि गोगलगायीचंही फावतं. थांबलेल्या पाण्यात दगडांवर शेवाळ धरतं, आणि बारीक दातांच्या जिभेनं ते खरवडत ही बया निवांत हिंडते. पायरीवर नागमोडी स्वच्छ रेघ दिसली तर समजावं, बाईंचं जेवण झालं.

संसारात मात्र ही भलतीच पक्की. बऱ्याच गोगलगायी अंड्यांचा चिकट पुंजका पानाला लावून मोकळ्या होतात. ही अंडी पोटातच वाढवते आणि पिल्लू बाहेर येतं ते शंखासकट. जन्माआधीच घर तयार. ना बँकेचं कर्ज, ना बिल्डरच्या तारखा. तिची लांबट, टोकदार नातलग मेलॅनॉइडिस तर बहुधा नराचीही वाट बघत नाही. भाच्याच्या फिशटँकमध्ये पाणवनस्पतीबरोबर एखादी आली असावी. दिवाळीपर्यंत सगळ्या वाळूत त्यांचीच वस्ती.

पण बेलामिया श्वास घेते कल्ल्यानं. अडवलेल्या पाण्यात सांडपाणी साचलं की त्यातला प्राणवायू घटतो. फुप्फुसवाल्या गोगलगायी वर येऊन हवा घेतात, हिला ती सोय नाही. पाणी आटलं तर चिखलात दार लावून ती तग धरते. घाण पाण्यापुढे दार किती दिवस पुरणार? मासे मेले तर तरंगतात, फोटो निघतात, पेपरात बातमी येते. ही मरते ती तळाशीच, त्यामुळे पंचनाम्यात हिचं नाव यायचा प्रश्नच नाही.