दुधाच्या दातांसाठी पूर्ण भूल कशाला?

लग्नकार्यात भेटा नाहीतर शाळेच्या फाटकाशी, प्रश्न तोच. "दुधाचेच तर दात, पडणारच होते. त्यासाठी एवढ्याशा पोराला पूर्ण भूल दिलीत?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

दुधाचे पुढचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात, दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. माझा मुलगा सहाचा होता आणि एका दाढेखाली पू झाला होता. आणखी चार वर्षं तो तसाच ठेवायचा होता का?

तो बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुखलं तर तो स्वतःच्या उजव्या गालावर थपडा मारायचा. आम्ही ते ऑटिझमचं वागणं समजलो. किती वेळा, कशानंतर, असा तक्ता मी सात आठवडे भरला. दर ओळीत 'उजवा गाल' माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि मला दिसलं नाही. चकली तो फक्त डावीकडून चावतोय हे लक्षात आलं, तेव्हा कुठे मी बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं.

भुलीआधी आम्ही त्याला साध्या दवाखान्यात नेलं होतं. त्याबद्दल मला कुणीच विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, घट्ट धरा, पाच मिनिटांचं काम आहे. बाबाने खांदे धरले, दोन मदतनीस मुलींनी पाय, आणि डोकं मी. दातांमध्ये रबरी ठोकळा. हिरडीत सुई गेली तसा तो किंचाळला, आणि मग आवाजच बंद झाला. खुर्चीत उताणा, डोळे वर करून माझ्याकडे बघत राहिला. मी "झालं, झालं" म्हणत होते. झालं काहीच नव्हतं. वीस मिनिटांनी दाढ अर्धी कोरलेली ठेवून आम्ही घरी आलो. माझ्या तळव्यांना त्याचा घाम लागला होता. पुढचे चार महिने त्याने मला केस धुवू दिले नाहीत. डोक्याला हात लावला की अंग चोरायचा.

आणि भूल टाळली म्हणून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हेही सांगते. तुमचा प्रश्न आधी माझाच होता. मेंदूवर परिणाम होईल, जाग आलीच नाही तर? भूलतज्ज्ञ बाई धोका शून्य आहे असं म्हणाल्या नाहीत. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, तो ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल देण्याबद्दल. माझा मुलगा सहाचा, काम अडीच तासांचं. तरी संमतीपत्रावरची माझी सही मलाच ओळखू येत नाही.

आधी सहा तास दूध बंद, शेवटचे दोन तास पाणीसुद्धा. पहाटे तो निळा पेला घेऊन फ्रिजसमोर उभा राहिला. का नाही, हे त्याला समजेल असं मला सांगता आलं नाही. मास्क लावल्यावर काही श्वासांतच त्याचं डोकं माझ्या दंडावर जड झालं. तोंड मोकळं राहावं म्हणून नळी नाकातून घालतात. एकाच वेळी तीन दाढा काढल्या, चारांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. शुद्धीवर येताना तो अर्धा तास रडला, मला ओळखत नव्हता. ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही.

दहाव्या दिवशी तक्त्यात पहिल्यांदा शून्य लिहिलं.

हो, तीन वर्षांपर्यंत त्याला मी दुधाची बाटली तोंडात देऊनच झोपवलं. दुसऱ्या कशाने तो झोपत नव्हता. हो, पेस्टचा फेस त्याला सहन होत नाही. दात किडण्यात माझा हात किती, हे मी तुमच्याआधी मोजलंय.

आता कायमची पहिली दाढ आली आहे आणि तिच्या खाचेत तपकिरी रेघ दिसतेय. पुन्हा भूल द्यावी लागेल का, माहीत नाही. रोज रात्री बॅटरी घेऊन बघते. तो तोंड उघडतो, मी तीन आकडे मोजेपर्यंत.