सूज उतरल्यानंतरचा घोटा

घोटा मुरगळून फिजिओथेरपीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एक्स-रे काढायचा का?" बरेचदा उत्तर माझ्या बोटांनाच मिळतं. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर माणूस कळवळला, तर एक्स-रे. दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेल्या या नियमांत पावलाच्या मधल्या भागातल्याही दोन जागा आहेत, त्याही मी चाचपते.

बहुतेकदा हाड शाबूत असतं. पाऊल आत वळलेलं असतं आणि हाडाला हाडाशी बांधणारं बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलेलं किंवा थोडंफार फाटलेलं असतं. (पळताना पोटरीत चमक भरली, तर ते दुखणं स्नायूचं. तो विषय वेगळा.) बर्फाने पहिले एक-दोन दिवस ठणका कमी होतो, जरूर लावा, फक्त थेट कातडीवर नको. पण पाय उशीवर ठेवून आठवडाभर लोळत पडणं मला मान्य नाही. सोसेल तेवढं चालायचं.

खरी गोची सूज उतरल्यावर होते. "आता एकदम ओके आहे," असं सांगत आलेल्याला मी अनवाणी, दुखऱ्या पायावर उभं करते. डोळे उघडे असेपर्यंत ठीक चालतं. मिटायला सांगितले की पायाची बोटं जमीन धरू पाहतात, घोट्यासमोरचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, तटतट उडायला लागतात, हात पसरतात आणि दुसरा पाय धपकन खाली येतो. मग तेच चांगल्या पायावर करायला लावते. पुढे मला फार बोलावं लागत नाही.

सांधा किती वळलाय याची खबर लिगामेंटमधूनही मेंदूकडे जात असते. दुखापतीनंतर त्यात गडबड होते, आणि स्नायू सावरून धरायच्या आत पाऊल पुन्हा वळतं. तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो असा. म्हणून दात घासताना एका पायावर उभं राहा, बेसिन हाताशी असतंच. टाचा उचला, व्यायामाचा रबर बँड लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा. लिगामेंट पुरतं भरून यायला महिने लागतात, तोवर हे सोडायचं नाही.

पेनकिलर घेऊन मॅच खेळू का, असं विचारणारे भेटतातच. त्यांना मी म्हणते, आधी त्याच पायावर उड्या मारून दाखवा, पुढे, मागे, आडव्या. मग बोलू.