जांभळ्या माकडाच्या दुकानातली पेटी

जुन्या काळची प्रवासाची पेटी, महोगनीच्या लाकडाची, कडांना पितळेची पट्टी. आत चामड्याचं अस्तर आणि त्यात नाना आकारांच्या खाचा. त्यांतल्या बाटल्या, वस्तरे, कात्र्या कधीच गेल्या. उरलाय चांदीचा एक छोटा पेला. पॅरिसबाहेरच्या एका जुन्या बाजारात ती मिळाली, तेव्हा विकणारा तिला शिवणकामाची पेटी म्हणत होता. घरी आणून कुलपाची पट्टी कोरड्या फडक्याने पुसली, तर बारीक कोरलेला फ्रेंच मजकूर दिसला: बिएने, सम्राट आणि राजा यांचे सोनार, पॅरिस.

मार्तां-गियोम बिएने म्हणजे नेपोलियनचा सोनार. पण सुरुवात सोनाराची नव्हती. नॉर्मंडीत 1764 साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला आला, र्यू सेंट-ऑनोरे या रस्त्यावर त्याने दुकान घेतलं, आणि दुकानावर पाटी होती 'जांभळं माकड'. तिथे तो लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या किरकोळ वस्तू, खेळांचे पट, छोट्या पेट्या विकायचा. चांदीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, कारण प्रत्येक धंद्याचा गिल्ड, म्हणजे कारागिरांचा संघ, वेगळा. 1791 मध्ये राज्यक्रांतीच्या सरकारने गिल्ड मोडीत काढले आणि त्याचा रस्ता मोकळा झाला. इजिप्तच्या स्वारीवर निघालेल्या तरुण जनरल बोनापार्तला त्याने प्रवासाची पेटी उधारीवर दिली, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी माहीत नाही, पण पुढे दरबाराची ऑर्डर कुणाला गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ही पेटी त्याचीच हे ठरवायचं कसं? आपल्याकडे सराफाकडे गेलं की आधी काटा पुढे येतो, किती भरलं ते बघायला. इथे वजनाला शेवटचा नंबर. आधी ठसे वाचायचे.

त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि फोनचा टॉर्च बाजूने, तिरका धरला. समोरून उजेड पाडला की चांदी फक्त चमकते, ठसा दिसत नाही. पेल्याच्या तळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक चौकट होती. फ्रान्समध्ये 1797 च्या कायद्यापासून कारागिराचा ठसा याच आकारात मारतात. शेजारी कोंबडा. हा सरकारी शुद्धतेचा ठसा: सोबत 1 आकडा असेल तर हजारात 950 भाग चांदी, 2 असेल तर 800. कोंबड्याचं चित्र 1809 मध्ये बदललं आणि 1819 मध्ये कोंबडा जाऊन म्हाताऱ्याचं डोकं आलं. माझ्या पेल्यावर दुसरा कोंबडा होता, म्हणजे 1809 ते 1819.

कुलपावरच्या मजकुराने ही मुदत आणखी आवळली. नेपोलियन सम्राट झाला 1804 मध्ये, पण 'आणि राजा' हे इटलीचं राज्यपद, ते 1805 चं. 1814 मध्ये साम्राज्य पडल्यावर असा मजकूर कोण कोरणार? दोन्ही एकत्र ठेवलं तर 1809 ते 1814. मला एवढा आनंद झाला की मी त्याच रात्री भावाला पुण्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "किती तोळे?"

अडचण नंतर आली. चौकटीतली अक्षरं बिएनेची नव्हती. त्याच्या ठशात बी अक्षर आणि माकड असतं. इथे दुसऱ्याच कुणाची आद्याक्षरं. इथली काही लिलावघरं ठरावीक दिवशी फुकट अंदाज सांगतात, एका ठिकाणी गेले तर तिथल्या गृहस्थांनी पेला हातात घेतला, ठसा पाहिला, पेटी उघडूनही बघितली नाही आणि म्हणाले, "मादाम, हा दुसऱ्याचा आहे. कुणीतरी नंतर आणून ठेवला."

मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणून मी कार्नाव्हाले संग्रहालयात गेले. तिथे नेपोलियनची स्वतःची प्रवासाची पेटी आहे, बिएनेच्या दुकानातली. (कायमच्या दालनांना तिकीट नाही, पॅरिसला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) दाढीचं सामान, खाण्यापिण्याची भांडी, लिखाणाचं साहित्य, सगळं एकात एक, वर्ल्ड कपच्या आधी सुटकेस भरणाऱ्या क्रिकेटपटूलाही जमणार नाही असं बसवलेलं. तिथे उभं राहून लक्षात आलं की हे एका हाताचं काम असूच शकत नाही. सुतार वेगळा, चामडं बसवणारा वेगळा, पोलादाची पाती करणारा वेगळा, चांदीवाला वेगळा. बिएनेच्या भरभराटीच्या काळात त्याच्याकडे शेकड्यांनी माणसं राबत होती आणि बाहेरच्या कारागिरांकडूनही माल यायचा.

दुसऱ्या तज्ज्ञ बाईंकडे मग मी पेला पेटीसकट नेला. त्यांनी आधी पेला खाचेत ठेवला. बसला, हलला नाही. मग बाहेर काढून खाचेतल्या चामड्यावरचा झिजलेला गोल बघितला. तो पेल्याच्या तळाएवढाच होता. "बिएनेच्या पेट्यांत दुसऱ्या चांदीकारांचे ठसे सापडणं नेहमीचं आहे," त्या म्हणाल्या. "नसते तर मला जास्त शंका आली असती." आधीच्या गृहस्थांबद्दल मी काही बोलले नाही, पण घरी येताना मेट्रोत हसू आवरेना.

दरबारी सोनार म्हणजे कोपऱ्यात बसून ठोकणारा म्हातारा, हे चित्र माझ्या डोक्यातून तेव्हा पुसलं गेलं. हा माणूस कंत्राटदार होता, डोळ्यांत तेल घालून माल तपासणारा. 2 डिसेंबर 1804 च्या राज्याभिषेकासाठी नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये लागलेला सोन्याच्या पानांचा मुकुट त्याचा. लीजन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाची पदकंही त्याच्याकडून जात. मुकुट जड वाटला म्हणून सहा पानं काढली आणि बिएनेने ती आपल्या सहा मुलींना वाटली, असं सांगतात. त्यांतलं एक पान नोव्हेंबर 2017 मध्ये फॉन्टेनब्लोच्या लिलावात 6,25,000 युरोला गेलं. सोनं जेमतेम 10 ग्रॅम! भावाला हा आकडा सांगितला तेव्हा तो तोळ्याचं गणित विसरला.

माझ्या पेटीची किंमत अर्थात तसली नाही. आतलं सामान गेलं की पेटीची किंमत कोसळते, एक पेला ती सावरत नाही. बाईंनी लेखी दिलं ते एवढंच: पेटी व कुलूप बिएने यांच्या दुकानातील, पेला अन्य कारागिराचा व पेटीतील मूळचा, काळ अंदाजे 1809 ते 1814, इतर वस्तू अनुपलब्ध. घराच्या विम्यासाठी हा कागद आणि फोटो पुरले. कुणी अशाच वाटेने निघालं असेल तर चांदी घासून लख्ख करू नका, ठशांच्या कडा झिजतात. आणि वस्तू दाखवायला नेताना ती ज्यात होती ते खोकं, पिशवी, चिठ्ठी, जे असेल ते सगळं सोबत न्या.